गैरहजर माणसाची बाजू

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत शोकाच्या पाच पायऱ्यांवर (नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) लेख आला होता. दुःख हलतच नसेल तर समुपदेशकाकडे जावं, असा सल्ला त्याच्या शेवटी होता. सल्ला बरोबर आहे. मी स्वतः दोन समुपदेशकांकडे गेलो आहे. पण त्या खोलीत बसल्यावर आपण काय सांगायचं, त्यांनी काय बोलायचं, आणि ज्या माणसाबद्दल बोलणं चाललंय ते माणूस तिथे नसतं, त्याचं काय, याविषयी मला कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे, पण शक्य असेल तर पूर्ण छापावं.

माझा मुलगा एकोणतिसाव्या वर्षी गेला. नोकरीसाठी तो दुसऱ्या शहरात राहायचा. रोज रात्री साडेनऊच्या सुमारास आईच्या फोनवर त्याचा फोन यायचा. त्या दिवशी पत्नीला ताप होता, ती गोळी घेऊन लवकर झोपली. त्याला कामावरून यायला उशीर झाला आणि दहा चाळीसला त्याने माझ्या फोनवर फोन केला. म्हणाला, "आई झोपली का? मग उठवू नका तिला." नंतर म्हणाला, संध्याकाळपासून छातीत जळजळतंय, ॲसिडिटी असेल. मी म्हणालो, "गोळी घे आणि झोप. सकाळी बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे जा." फोन दोन मिनिटं चौदा सेकंद चालला. सकाळी सहा दहाला त्याच्या खोलीतल्या मित्राचा फोन आला. हृदयविकाराचा झटका.

(इथेच एक गोष्ट सांगतो, कारण ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल. हृदयाचं दुखणं कधीकधी छातीतली जळजळ म्हणूनच येतं, आणि ते तरुण माणसालाही होऊ शकतं. जळजळ थांबत नसेल, सोबत घाम, धाप किंवा हात-जबड्यात दुखणं असेल, तर सकाळची वाट पाहू नका.)

हा फोन आल्याचं मी पत्नीला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सांगण्याजोगी स्थितीच नव्हती. मग आठवडा गेला, महिना गेला, आणि जितके दिवस गेले तितकं ते सांगणं अवघड होत गेलं. ती मात्र रोज एकच प्रश्न विचारायची. "त्या रात्री त्याने फोन का नाही केला? रोज करतो, मग त्याच रात्री का नाही?" कधी सकाळी उठल्याउठल्या, कधी मध्यरात्री. मी म्हणायचो, दमला असेल. दहा-पंधरा वेळा असं म्हणाल्यावर मी ओरडायला लागलो. "किती वेळा तेच? सोड ना आता!" मग मी खोलीबाहेर जायचो.

घरात आम्हा दोघांची वाटणीच झाली होती. ती त्याचे शर्ट कुशीत घेऊन बसायची. मी त्याच्या खोलीचं डिपॉझिट, बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी, गाडीचे कागद यांच्या मागे होतो. मी तिला कमजोर म्हणायचो, ती मला दगड म्हणायची. पुढे कळलं की मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या दोन संशोधकांनी १९९९ साली नेमकं हेच मांडलं होतं. शोकात माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो, एक बाजू गेलेल्या माणसाची आणि दुसरी त्याच्याशिवाय उरलेल्या आयुष्याची. ही ये-जा चालू राहणं महत्त्वाचं. आमच्याकडे ती बंद पडली होती, आणि आपल्या बाजूलाच खरं दुःख आहे असं दोघांनाही वाटत होतं.

पाचव्या महिन्यात मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही थेरपिस्टकडे जा. मला आता तुमचं दोघांचं झेपत नाही." तिचाही भाऊ गेला होता हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. मी गेलो.

पहिल्या समुपदेशकांबद्दल लिहिताना मला सांभाळून लिहायचं आहे. माणूस प्रेमळ होता. बोलणं शांत. पहिल्याच भेटीत मी पाऊण तास रडलो, आणि त्याआधी कोणासमोर रडलो नव्हतो. पुढच्या आठवड्यापासून ते जे विचारायचे त्याची उत्तरं मी द्यायचो. "त्या आठवड्यात काय काय घडलं?" असं त्यांनी दुसऱ्याच भेटीत विचारलं होतं. मी सोमवारपासून सुरुवात केली आणि बुधवारी रात्रीवरून थेट गुरुवारी सकाळी सहा दहावर आलो. मधला फोन गाळला. त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

मग त्या खोलीत माझ्या बोलण्याचा विषय हळूहळू मुलावरून पत्नीवर गेला. ती रोज तोच प्रश्न विचारते, मला झोपू देत नाही, माझ्यावर संशय घेतल्यासारखी बघते, मला जगू देत नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आणि तरीही सगळं मिळून खोटं होतं, कारण तो प्रश्न मला का बोचतो हे मी सांगत नव्हतो. बाराव्या-तेराव्या भेटीत ते म्हणाले की हा भावनिक छळ आहे, त्या तुमच्यावर नियंत्रण ठेवतात, हे नातं टॉक्सिक झालंय. मूल गेल्यावर बहुतेक जोडपी टिकत नाहीत, असंही म्हणाले. बाउंड्री आखा, काही काळ वेगळे राहून बघा.

मी घरी येऊन पत्नीला हे शब्द जसेच्या तसे ऐकवले. वर म्हणालो, "मी नाही म्हणत. तज्ज्ञ सांगतात." तिने विचारलं, "ते मला कधी भेटलेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवव्या महिन्यात मी एक खोली भाड्याने घेतली आणि तिथे चार महिने एकटा राहिलो.

मी आयुष्यभर ऑडिटचं काम केलं. त्या धंद्यात अगदी नवा मुलगासुद्धा पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकतो. एका पार्टीच्या वहीत लिहिलं आहे की अमक्याकडून इतके येणं आहे, तर तेवढ्यावर सही करायची नाही. समोरच्या पार्टीला पत्र पाठवायचं, तिच्याकडून शिलकेची खातरजमा करायची. उत्तर आलं नाही तर तसा शेरा मारायचा. पस्तीस वर्षं मी हे केलं, आणि माझ्या स्वतःच्या संसारावर एकतर्फी कागदावरची सही घेऊन आलो. दुसऱ्याची वही असती तर ती मी पहिल्या पानावरच परत पाठवली असती.

यात जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मी नंतर खूप वेळ उलटून पालटून पाहिला आहे. माझं उत्तर असं आहे. मी अर्धी गोष्ट सांगितली, हा दोष माझा. आपल्याला अर्धीच गोष्ट कळली आहे हे जाणून न बोलणं, हा दोष त्यांचा. कोणीही माणूस आपली बाजूच सांगणार, हे तर त्या कामाचं मूळ गृहीतक. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत याबद्दल स्पष्ट नियम आहे. ज्याला पुरेसं तपासलेलं नाही त्याच्या मानसिक स्वभावाबद्दल मत देऊ नये, आणि तपासणं शक्यच नसेल तर आपल्या मताला किती मर्यादा आहेत ते उघड सांगावं. "तुम्ही सांगता त्यावरून तुम्हाला तिथे गुदमरल्यासारखं होतंय" हे समुपदेशक म्हणू शकतो. "त्या छळ करणाऱ्या आहेत" हे त्याने कशावरून म्हणावं?

जोडपी टिकत नाहीत हे विधानही मी नंतर तपासलं, सवयच आहे. ७०-८०-९० टक्के असे आकडे सांगितले जातात. त्यांच्या मुळाशी मला मोजणी अशी सापडली नाही. हा समज पसरवण्यात १९७७ साली आलेल्या एका अमेरिकन पुस्तकाचा मोठा वाटा मानला जातो. मुलं गमावलेल्या पालकांच्या 'द कंपॅशनेट फ्रेंड्स' या अमेरिकन संघटनेने १९९९ आणि २००६ मध्ये पाहण्या करून घेतल्या, तेव्हा घटस्फोटाचं प्रमाण १२ आणि १६ टक्के निघालं. उत्तरं देणारे लोक स्वतःहून पुढे आले असतील, म्हणून हे आकडेही मी डोळे मिटून घेणार नाही. पण 'बहुतेक' हा शब्द त्यात कुठेच बसत नाही. मूल गेलेल्या बापाला 'तुमचा संसारही आता जाणार' हे आधार नसताना सांगणं, याला मी निष्काळजीपणा म्हणतो.

एक खुलासा इथेच करायला हवा, नाहीतर माझ्या पत्राचा भलताच उपयोग होईल. घरात मारहाण होत असेल, जिवाची भीती असेल, तर समुपदेशकाने आधी समोर बसलेल्या माणसाच्या सुरक्षिततेचं बघावं. तिथे मारणाऱ्याची बाजू ऐकायला थांबायचं नसतं. अशा कोणा बाईला उद्या माझं पत्र दाखवून 'आधी नवऱ्याचं ऐका' म्हणणारे निघाले तर मला फार वाईट वाटेल. मी शोक झालेल्या घराबद्दल लिहितो आहे, जिथे दोन्ही माणसं जखमी असतात आणि त्यातलं एकच त्या खुर्चीवर जाऊन बसतं.

दुसऱ्या समुपदेशकांकडे, एका बाईंकडे, गेलो तेव्हा वर्ष झालं होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी गोपनीयता कुठवर आणि कुठे संपते ते सांगितलं. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, बाकी सगळं इथेच राहील. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या पत्नीबद्दल तुम्ही बोलाल, बोलायलाच हवं. पण मी त्यांना ओळखत नाही. त्या कशा आहेत हे मी कधीच ठरवणार नाही." मला तेव्हा त्यांचा राग आला. मला वाटलं, या बाई माझ्या बाजूच्या नाहीत.

तिसऱ्या भेटीत माझी नेहमीची तक्रार सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं, "हा प्रश्न त्या रोज विचारतात. तुम्ही काय उत्तर देता?"

मी म्हणालो, दमला असेल म्हणतो.

"तुम्हाला स्वतःला तसं वाटतं?"

मी काही बोललो नाही. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. असे चार आठवडे गेले. दरम्यान त्यांनी मला उपचाराची एक पद्धत समजावली. शोक लांबतो आणि माणूस त्यातच अडकून राहतो तेव्हा ती वापरतात. 'लांबलेल्या शोकाचा विकार' असं आता त्याचं अधिकृत निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिने धरतात, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२ च्या सुधारित नियमावलीत प्रौढांसाठी वर्ष. नुसत्या कॅलेंडरवरून ते ठरत नाही, रोजचं जगणं थांबलंय का हे पाहावं लागतं. पद्धत साधारण १६ बैठकांची. कॅथरीन शिअर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पद्धतीने ५१ टक्के लोकांना फरक पडला, तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या उपचाराने २८ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना इथेही पुरेसा फरक पडला नाही, हे बाईंनी मला न लपवता सांगितलं आणि त्यामुळे माझा विश्वास बसला. त्यातला एक भाग असा की डोळे मिटून ती वेळ मोठ्याने सांगायची, जसं आत्ता घडतंय तसं. ते रेकॉर्ड करायचं आणि घरी ऐकायचं.

आता डोळे मिटून बुधवारवरून गुरुवारवर उडी मारता येईना. "दहा चाळीस," मी म्हणालो, आणि पुढचं आपोआप आलं.

बाईंनी 'तुमची काही चूक नाही' असं म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. ते वाक्य इतरांकडून मी खूप ऐकलं आहे, त्याने काहीच होत नाही. त्यांनी मला १९४२ मधल्या बोस्टनच्या आगीबद्दल सांगितलं. कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइट क्लबमध्ये ४९२ माणसं गेली. एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञांनी त्या आगीत आपलं माणूस गमावलेल्या काहींच्या आणि इतरही शोकग्रस्तांच्या भेटी घेऊन १९४४ साली निबंध लिहिला. मागे राहिलेलं माणूस मृत्यूच्या आधीचा काळ चाळत बसतं, आपण कुठे कमी पडलो ते शोधतं आणि लहानशी चूक डोंगराएवढी करतं, असं त्यांना दिसलं. मला वाटत होतं की असं वाटणारा जगात मी एकटाच.

मग त्यांनी मला कागदावर दोन रकाने करायला सांगितले. डावीकडे दहा चाळीसला मला काय माहीत होतं, उजवीकडे सहा दहानंतर काय कळलं. मी लिहू लागलो आणि मध्येच थांबलो. ऑडिटमध्ये ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटनांचा वेगळा विचार करतात. नंतर कळलेली गोष्ट त्या तारखेला असलेल्या स्थितीचाच पुरावा आहे, की नव्याने घडलेली घटना आहे, हे आधी ठरवावं लागतं. वर्षभर मी उजव्या रकान्यातलं सगळं डाव्या रकान्यात ओढून स्वतःला दोषी धरत होतो. डावीकडे प्रत्यक्षात होतं ते एवढंच: वय एकोणतीस, कधी आजारी नाही, स्वतःच म्हणतोय ॲसिडिटी, आवाज नेहमीसारखा.

पण त्या कागदाखाली मी आणखी एक ओळ लिहिली, बाईंनी न सांगता. फोन आल्याचं चौदा महिने पत्नीपासून लपवलं. ही ओळ कुठल्याच रकान्यात विरघळत नव्हती. ती माहीत असून केलेली गोष्ट होती. तो 'आईला उठवू नका' म्हणाला होता. ते तिच्यासाठीचं शेवटचं वाक्य होतं, आणि मी ते माझ्याकडे ठेवून घेतलं होतं.

सांगायचं की नाही, कधी, कुठे, यावर बाईंनी काही ठरवून दिलं नाही. इथे त्यांना घेऊन यायचं असेल तर या, एवढंच म्हणाल्या. मी घरी गेलो आणि सांगितलं. फोन काढून नोंद दाखवली. मला वाटलं होतं ती किंचाळेल. ती बराच वेळ त्या नोंदीकडे बघत राहिली आणि मग विचारलं, "आवाज कसा होता त्याचा?"

त्यानंतर नऊ दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दहाव्या दिवशी म्हणाली, "तुम्ही मला वेडी ठरवत होतात." मी हो म्हणालो. तिने मला माफ केलं आहे की नाही हे मी तिला विचारत नाही, ते विचारण्याचा अधिकार माझ्याकडे नाही असं मला वाटतं. ती खोली मी सोडली. मुलगी आता स्वतःसाठी एका समुपदेशकाकडे जाते, आणि तिथे ती आमच्याबद्दल काय सांगते हे आम्ही विचारत नाही.

संपादक महाराज, पाच पायऱ्यांबद्दल एक दुरुस्ती छापावी ही विनंती. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. मी पहिल्या वर्षी डायरीत त्या पाचही लिहून हिरव्या पेनाने एकेकीवर खूण करत होतो, आणि चौथीवरून पुन्हा दुसरीवर आलो की मलाच दुःख नीट करता येत नाही असं वाटायचं. तुमचा लेख वाचून आणखी कोणी तसं करत बसू नये.

आणि समुपदेशनावर पुन्हा कधी लिहाल तेव्हा, जे घरी राहतात त्यांच्याशीही कृपया बोला. ज्यांच्याबद्दल दर आठवड्याला कुठेतरी बोललं जातं आणि ज्यांना तिथून आलेले शब्द जेवताना ऐकावे लागतात, त्यांच्याशी.

त्या बुधवारची गोष्ट पत्नी अजून मधूनमधून विचारते. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. मी बाहेर जात नाही. दहा चाळीसपासून सुरू करतो, 'आई झोपली का' इथून. तिला तो भाग दोनदा ऐकायचा असतो.

आपला,
एक निवृत्त ऑडिटर
(कृपया नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये.)